पुरवठादाराची भेट टेबलावर आली तर : सरकारी कर्मचाऱ्यासाठी मार्गदर्शन

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, हापूसचा हंगाम, मार्चअखेरची देयके निघून गेल्यानंतरचा आठवडा आणि घरातील लग्नकार्य, या काळात भांडार, लेखा, बांधकाम आणि खरेदी या शाखांतील कर्मचाऱ्यांकडे पुरवठादार आणि कंत्राटदार यांच्याकडून हमखास काहीतरी येते. कधी मिठाईचा बॉक्स, कधी सुकामेवा, कधी चांदीचे नाणे, तर कधी ‘वहिनींसाठी’ म्हणून साडी. देणारा हसतमुख असतो, घेणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते आणि नियम नेमका काय आहे हे दोघांपैकी कोणीच वाचलेले नसते. ज्या कर्मचाऱ्याला प्रामाणिकपणे वागायचे आहे, पण भिडेखातर किंवा अज्ञानामुळे अडचणीत यायचे नाही, त्याने अशा प्रसंगी काय तपासावे, काय बोलावे आणि काय लिहून ठेवावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आपल्याला कोणते नियम लागू आहेत

हा प्रश्न पहिला आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत आणि त्यातील नियम १३ भेटवस्तूंविषयी आहे. भारतीय प्रशासन सेवा, पोलीस सेवा आणि वन सेवेतील अधिकाऱ्यांसाठी अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ आहेत. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ आहेत. महानगरपालिका, महामंडळे आणि विद्यापीठे यांचे आपापले सेवा विनियम असतात. या सर्वांचा गाभा एकसारखा असला तरी रकमेच्या मर्यादा आणि मंजुरी देणारा अधिकारी हे तपशील त्या त्या नियमांतूनच पाहावे लागतात. केंद्राचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात आणि जिल्हा परिषदेतील कनिष्ठ सहायक ते स्वतःला लागू करून घेतो, हे चुकीचे आहे. आस्थापना शाखेकडून आपल्याला लागू असलेल्या नियमाची अद्ययावत प्रत मागून घ्यावी आणि ती टेबलाच्या खणात ठेवावी.

वर्तणूक नियम कोणताही असो, त्याच्या जोडीला भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ सर्वांना लागू असतो. या अधिनियमातील लोकसेवकाची व्याख्या फार व्यापक आहे. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या सेवेत वा वेतनावर असलेली व्यक्ती तीत येतेच, शिवाय सार्वजनिक कर्तव्यासाठी शासनाकडून फी किंवा कमिशन घेणारी व्यक्तीही येते. त्यामुळे ‘मी तर अकरा महिन्यांच्या करारावर आहे, मला कसले नियम’ ही समजूत सोडून द्यावी.

भेट म्हणजे काय, आणि मर्यादेचा खरा अर्थ

केंद्राच्या नियम १३ नुसार कर्मचाऱ्याने स्वतः भेट स्वीकारायची नाही, कुटुंबातील कोणाला स्वीकारू द्यायची नाही आणि आपल्या वतीने वागणाऱ्या दुसऱ्या कोणालाही स्वीकारू द्यायची नाही. नियमात सांगितलेल्या प्रसंगांपुरता त्याला अपवाद आहे. वाहनचालकाने गाडीच्या डिकीत ठेवून घेतलेला खोका, शिपायाने ‘साहेबांच्या नावाने’ घेतलेले पाकीट आणि मुलाच्या वाढदिवसाला घरी पोहोचलेला टॅब या तिन्हींचा विचार त्या नियमात आधीच झालेला आहे. भेट या शब्दात वस्तूखेरीज मोफत प्रवास, राहणे, जेवण, इतर कोणतीही सेवा आणि कोणताही आर्थिक लाभही मोडतो. जवळचा नातेवाईक किंवा कामकाजाचा संबंध नसलेला खाजगी मित्र यांच्याकडून मिळणारा लाभ मात्र यातून वगळला आहे.

नियमाने दोन सवलती दिल्या आहेत. प्रसंगोपात जेवण, गाडीतून सोडणे किंवा तशीच सामाजिक पाहुणचाराची गोष्ट भेट मानली जात नाही. मात्र ज्याच्याशी कार्यालयीन व्यवहार आहे अशा व्यक्तीचा वा कंपनीचा भपकेबाज किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा, असे त्याच नियमाच्या टिपेत बजावले आहे. दुसरी सवलत लग्न, वाढदिवस, अंत्यविधी आणि धार्मिक कार्ये यांच्यासाठी आहे. अशा प्रसंगी रूढीप्रमाणे जवळचे नातेवाईक आणि कामकाजाशी संबंध नसलेले मित्र यांच्याकडून भेट घेता येते, पण तिची किंमत गट ‘अ’साठी २५,०००, गट ‘ब’साठी १५,००० आणि गट ‘क’साठी ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल तर शासनाला कळवावे लागते.

उरलेल्या बाबतीत काय? २०१९ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवली आणि गट ‘अ’ व ‘ब’च्या अधिकाऱ्यांना ५,००० रुपयांपेक्षा, तर गट ‘क’च्या कर्मचाऱ्यांना २,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीची भेट शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येणार नाही, असे ठरवले. त्याआधी हे आकडे १,५०० आणि ५०० रुपये होते. कार्यालयांतील सर्वांत मोठा गैरसमज या सुधारणेतून जन्मला आहे. ‘पाच हजारांपर्यंत चालते’ असे वाक्य आता सर्रास ऐकू येते आणि त्याचा अर्थ लोक असा लावतात की पुरवठादाराने ४,९९९ रुपयांची वस्तू दिली तर ती निर्धोक आहे.

ती निर्धोक नाही. मर्यादेच्या खाली असलेल्या भेटीसाठी वर्तणूक नियमाखाली मंजुरी मागावी लागत नाही, एवढेच त्या आकड्याने ठरते. भेट देणाऱ्याचे काम तुमच्या टेबलावर असेल तर प्रश्न वर्तणूक नियमापुरता राहत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ११ नेमके याच परिस्थितीसाठी आहे. लोकसेवकाने केलेल्या किंवा करावयाच्या कामकाजाशी, त्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या कर्तव्याशी ज्याचा संबंध आहे, होता किंवा येण्याची शक्यता आहे, अशा व्यक्तीकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन गैरवाजवी लाभ घेणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते कमाल पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. या कलमात रुपयांची कोणतीही खालची मर्यादा लिहिलेली नाही. त्या भेटीच्या बदल्यात तुम्ही काही केले, हेही या कलमाखाली दाखवावे लागत नाही. काम करण्यासाठी, न करण्यासाठी किंवा बेइमानीने करण्यासाठी लाभ घेतला असेल तर कलम ७ लागू होते आणि तेथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. लाभाची व्याख्याही पैशात मोजता येणाऱ्या गोष्टींपुरती मर्यादित नाही. शिवाय लाभ घेतल्याचे सिद्ध झाले की तो कशासाठी घेतला याबाबत कलम २० चे गृहीतक आरोपीच्या विरोधात जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते.

म्हणून भेट हातात आली की पहिला प्रश्न ‘किती रुपयांची’ हा नसावा. कोणी दिली आणि त्याची कोणती फाइल माझ्याकडे, माझ्या हाताखाली किंवा माझ्या साहेबांकडे आहे, हा असावा. निविदा उघडायची आहे का, तुलनात्मक तक्ता तयार होतो आहे का, मोजमाप पुस्तिकेत नोंद घ्यायची आहे का, देयक तपासणीत आहे का, सुरक्षा अनामत परत द्यायची आहे का, दोष दायित्व कालावधी (काम पूर्ण झाल्यावर त्यातील दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) चालू आहे का, दंडाची नोटीस गेली आहे का? यापैकी एकाचेही उत्तर होय असेल तर वस्तूची किंमत विचारात घेण्याचे कारणच उरत नाही. आज काहीच प्रलंबित नसले तरी पुढील वर्षीच्या निविदेत तोच पुरवठादार येणार असेल, तर कायद्यातील ‘संबंध येण्याची शक्यता’ हे शब्द तेथेही लागू पडतात.

परदेशी कंपनीच्या बाबतीत केंद्राचा नियम आणखी कडक आहे. भारत सरकारशी करार करणाऱ्या किंवा आपल्याशी कार्यालयीन संबंध आलेल्या वा येऊ शकणाऱ्या परदेशी कंपनीकडून कोणतीच भेट स्वीकारायची नाही. रुग्णालयांची यंत्रसामग्री, मेट्रोचे डबे, संगणक प्रणाली अशा खरेदीत असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांवर वर्तणूक नियमांखेरीज त्यांच्या व्यवसायाचेही बंधन आहे, कारण भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्येच औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास मनाई केली होती.

वस्तू आल्यावर काय करावे

समोर कोणी घेऊन आला असेल तर हातात न घेता परत करणे सर्वांत सोपे आहे. त्या वेळी नियमाचे नाव घ्यावे, माणसाच्या हेतूवर बोट ठेवू नये. ‘तुमच्या फर्मचे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मला हे घेता येत नाही, राग मानू नका’ एवढे वाक्य पुरते. ‘नंतर बघू’, ‘आत्ता इथे नको’, ‘शिपायाकडे ठेवा’ ही उत्तरे नकाराची नाहीत आणि सापळ्याच्या प्रकरणात त्यांचा अर्थ काय लावला जातो, हे कोणत्याही अनुभवी वकिलाला विचारावे.

तुमच्या माघारी कोणी वस्तू ठेवून गेले असेल किंवा ती कुरिअरने घरी आली असेल, तर ती उघडू नये. खोक्याचे, त्यावरील पत्त्याचे आणि पाठवणाऱ्याच्या नावाचे छायाचित्र काढावे, त्याच दिवशी किंवा कार्यालयाच्या पुढच्या कामाच्या दिवशी कार्यालय प्रमुखांना लेखी कळवावे आणि वस्तू पोच मिळेल अशा मार्गाने परत पाठवावी. तोंडी कळवणे म्हणजे न कळवणेच, कारण सहा महिन्यांनी साहेबांची बदली झालेली असते. पत्राचा मसुदा असा करता येईल :

‘आपल्या आस्थापनेकडून दिनांक … रोजी माझ्या पत्त्यावर … ही वस्तू पाठविण्यात आल्याचे आढळून आले. या कार्यालयाशी आपला पुरवठा करार चालू असून त्यासंबंधीचे कामकाज मी पाहत असल्याने सदर वस्तू स्वीकारणे मला लागू असलेल्या वर्तणूक नियमांस धरून होणार नाही. सबब सदर वस्तू न उघडता, आहे त्या स्थितीत या पत्रासोबत परत पाठवीत आहे. यामुळे आपल्या प्रलंबित प्रस्तावावर अथवा देयकावर कोणताही अनुकूल वा प्रतिकूल परिणाम होणार नाही. यापुढे माझ्याकडे, माझ्या कुटुंबीयांकडे किंवा या शाखेतील कोणत्याही कर्मचाऱ्याकडे अशी वस्तू पाठवू नये, ही विनंती.’

या पत्राची एक प्रत कार्यालय प्रमुखांना आणि एक स्वतःजवळ ठेवावी. मसुद्यातील ‘अनुकूल वा प्रतिकूल’ हे शब्द गाळू नयेत. भेट नाकारल्यावर काही पुरवठादारांना आता आपले देयक अडवले जाईल अशी भीती वाटते, आणि ते पुढच्या वेळी तुमच्या वरिष्ठाकडे अधिक मोठा खोका घेऊन जातात.

नाशवंत वस्तूंचा प्रश्न वेगळा आहे. रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी मुंबईहून परत पाठवली तर पोहोचेपर्यंत ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. अशा वेळी कार्यालय प्रमुखांच्या लेखी संमतीने ती जवळच्या बालगृहाला किंवा वृद्धाश्रमाला देऊन त्यांची पावती घ्यावी आणि वस्तूची अशी विल्हेवाट लावल्याचे पाठवणाऱ्याला कळवावे. पेटी शाखेत फोडून सर्वांना दोन-दोन आंबे वाटणे हा अनेक कार्यालयांतला रूढ उपाय आहे. माझ्या मते तो उपाय नव्हेच, कारण त्यामुळे एकाची अडचण अकरा जणांची होते आणि पुढच्या वर्षी पुरवठादार पेट्यांची संख्या वाढवून पाठवतो.

खोक्यात रोख रक्कम आहे अशी शंका आली किंवा ती दिसली, तर तेथेच थांबावे. ती मोजू नये, दुसऱ्या खणात ठेवू नये, कोणाकडे सांभाळायला देऊ नये. दोन सहकाऱ्यांना बोलवावे, वरिष्ठांना त्यांच्यासमोर कळवावे, जागेवरच लहानसा पंचनामा लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावे. महाराष्ट्रात या विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. यूपीआयने न मागता पैसे आले असतील तर ते त्याच खात्यावर परत पाठवावेत, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि वरच्याप्रमाणेच लेखी कळवावे. ऑनलाइन दुकानाचे गिफ्ट व्हाउचर ईमेलवर आले तर ते वापरू नये आणि ईमेल पुसूनही टाकू नये. नकाराचे उत्तर त्याच ईमेलखाली पाठवावे.

जेथे रेषा पुसट होते

पुरवठादाराचे कॅलेंडर आणि डायरी यांवरून कोणाची चौकशी होत नाही. तरीही निविदा उघडण्याच्या खोलीत एखाद्या बोलीदाराच्या नावाचे भले मोठे कॅलेंडर भिंतीवर असेल, तर दुसऱ्या बोलीदाराला काय वाटेल याचा विचार कार्यालय प्रमुखाने करावा. ते खाली उतरवायला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

बांधकाम शाखेतील अभियंत्यांना रोज पडणारा प्रश्न कामाच्या ठिकाणच्या जेवणाचा आणि गाडीचा असतो. गावापासून दूर, रस्त्याच्या कामावर तपासणीला गेल्यावर मजुरांसाठी शिजलेले पिठले-भाकरीचे जेवण तेथेच घेतले, तर ते प्रसंगोपात जेवण आहे. दर भेटीला महामार्गावरील हॉटेलात पंगत बसत असेल तर तो वारंवार होणारा पाहुणचार आहे. गाडीच्या बाबतीत एक फरक नीट समजून घ्यावा. मोठ्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या करारांत अभियंत्यांच्या वापरासाठी वाहन पुरवण्याची बाब कित्येकदा परिमाण तक्त्यातच (करारातील कामाच्या बाबी, त्यांचे परिमाण आणि दर यांच्या यादीतच) असते. अशी गाडी करारानुसार आलेली असते, तिचे पैसे शासनच देत असते आणि तिची नोंदवही ठेवणे, प्रवास कामापुरता ठेवणे ही अभियंत्याची जबाबदारी आहे. करारात अशी तरतूद नसताना कंत्राटदाराची गाडी दाराशी उभी राहत असेल, किंवा करारातील गाडी शनिवारी महाबळेश्वरला जात असेल, तर तो मोफत प्रवासच आहे.

यंत्रसामग्री पाठवण्यापूर्वी कारखान्यात जाऊन तपासणी करावी लागते तेव्हाही हाच विचार लावावा. खर्च कोणी करायचा हे निविदेत आधी लिहिलेले असावे, प्रवासाचा आदेश कार्यालयाने काढावा आणि मुक्काम आपल्या प्रवासभत्त्याच्या पात्रतेत बसवावा. तपासणी एका दिवसाची आणि मुक्काम चार दिवसांचा असा तपशील लेखापरीक्षणात सहज दिसतो.

सवलतीत मिळणारी वस्तू लोकांना भेट वाटत नाही, पण कलम ११ मधील ‘अपुरा मोबदला’ हे शब्द तिच्यासाठीच आहेत. बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दरात मिळालेला फ्लॅट, कंत्राटदाराकडून ‘जुनी’ म्हणून घेतलेली गाडी, घराच्या दुरुस्तीसाठी आलेले सिमेंट आणि पाठवलेले गवंडी हे सर्व त्यात येऊ शकते. केंद्राच्या नियम १८ नुसार कार्यालयीन व्यवहार असलेल्या व्यक्तीशी स्थावर मालमत्तेचा व्यवहार करण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते, आणि ठरावीक किमतीवरील जंगम मालमत्तेसाठीही तेच बंधन आहे. हातउसने घेणेही असेच आहे. ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून बिनव्याजी पैसे घेतले आणि परत केले, तरी नियम मोडलेलाच असतो. मुलाला पुरवठादाराच्या कंपनीत नोकरी लागली तर ती वरिष्ठांना कळवावी आणि त्या कंपनीच्या फाइलवर स्वतः निर्णय घेऊ नये.

लग्नाचा विषय आपल्याकडे सर्वांत अवघड आहे, कारण आहेर नाकारणे म्हणजे माणसाचा अपमान करणे असे मानले जाते. खरेदी किंवा बांधकाम शाखेत असलेल्या कर्मचाऱ्याने मुलीच्या वा मुलाच्या लग्नपत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असे छापून घ्यावे. एवीतेवी अनेक कुटुंबे ते छापतातच, त्यामुळे कोणाला वेगळे काही वाटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मांडवात आहेराची वही घेऊन बसणाऱ्या मामांना किंवा आत्यांना कोणत्या नावांचे पाकीट घ्यायचे नाही, हे आधी सांगून ठेवावे. गर्दीत एखादे पाकीट आलेच तर वहीत त्याची वेगळी नोंद करावी आणि लग्नानंतरच्या आठवड्यात वर दिलेल्या पत्रासह परत करावे. मंडप, केटरिंग, हॉल किंवा पाहुण्यांच्या गाड्या यांपैकी काहीही कंत्राटदाराकडून ‘ओळखीने’ येऊ देऊ नये. सर्व देयके स्वतःच्या बँक खात्यातून द्यावीत आणि पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात, कारण निनावी तक्रार झाल्यास पहिला प्रश्न लग्नाच्या खर्चाचाच येतो.

कार्यालयाची सत्यनारायणाची पूजा, वसाहतीतील गणेशोत्सव आणि साहेबांचा निरोप समारंभ येथे भेट एका व्यक्तीला नसून ‘सर्वांसाठी’ असते आणि म्हणून ती निरुपद्रवी वाटते. केंद्राच्या नियमांत पूर्वमंजुरीशिवाय वर्गणी मागणे, स्वीकारणे किंवा निधी गोळा करण्याच्या कामाशी जोडून घेणे यालाच मनाई आहे. पावतीपुस्तक घेऊन शाखेतला माणूस पुरवठादाराच्या दुकानात गेला की त्या माणसाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. निरोप समारंभ खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा ठेवण्यास नियमांची हरकत नाही. तो सहकाऱ्यांनी आपसात वर्गणी काढून, तीही ऐच्छिक ठेवून करावा.

वरिष्ठच घेत असतील, किंवा तुम्हाला आणायला सांगत असतील

केंद्राच्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा लागतो आणि तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागणे हे कनिष्ठाचे कर्तव्यच आहे. ‘अमुक फर्मकडून दिवाळीचे तेवढे घेऊन या’ हा आदेश कोणी लेखी देणार नाही, आणि त्याची पुष्टी नम्रपणे मागितली की बहुधा तो विषय तेथेच संपतो. संपला नाही तर आपण तो खोका वाहून नेणारा हात होऊ नये. लाभ तिसऱ्या व्यक्तीमार्फत घेतला तरी कायद्याने फरक पडत नाही, आणि खटल्यात मध्यस्थाला आरोपी करण्याची तरतूदही आहे. अशा वेळी विभागाचा दक्षता अधिकारी किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हे मार्ग आहेत. तक्रारदार उलटला किंवा हयात राहिला नाही तरी मागणी आणि स्वीकार परिस्थितिजन्य पुराव्यावरून सिद्ध करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘साक्षीदार फुटला की सुटलो’ या भरवशावर बसलेल्यांनी तो निकाल वाचावा.

पुरवठादारांनीही यातील आपली बाजू समजून घ्यावी. २०१८ पासून देणाराही कलम ८ खाली थेट गुन्हेगार ठरतो. त्याला देण्यास भाग पाडले गेले असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणे, अथवा मागणी होताच आधी कळवून यंत्रणेच्या मदतीसाठी रक्कम देणे, हे संरक्षणाचे मार्ग त्याच कलमात आहेत. कंपनीच्या वतीने कर्मचाऱ्याने असा लाभ दिला तर कलम ९ खाली कंपनीवरही कारवाई होते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७५ ची सचोटीची संहिता मोडल्यास दोन वर्षांपर्यंत, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखाली दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, नियम १५१ खाली निविदांतून बाद केले जाऊ शकते. पुरवठादाराच्या संगणकात दिवाळीच्या भेटींची यादी नाव, हुद्दा आणि रकमेसह जपलेली असते, हेही घेणाऱ्याने विसरू नये. छाप्यात ती यादी सापडली की तुम्ही वस्तू परत केली होती हे सांगायला तुमच्याजवळ फक्त तुमची पोच असते.

नोंदवही

शाखेत भेटवस्तूंची एक साधी नोंदवही ठेवावी, असे मी प्रत्येक कार्यालय प्रमुखाला सुचवीन. तीत दिनांक, पाठवणाऱ्याचे नाव, त्याचे या कार्यालयात कोणते काम चालू आहे, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, ती कोणाच्या नावे व कोठे आली, काय केले, पोच वा पावतीचा क्रमांक आणि कार्यालय प्रमुखाची सही एवढे रकाने पुरेत. एकाच पुरवठादाराच्या लहान लहान वस्तू वर्षभर येत असतील तर त्या एका पानावर दिसाव्यात म्हणून नोंदी नावानुसार ठेवाव्यात. पाच वेळा आलेली एक हजाराची वस्तू प्रत्येक वेळी किरकोळ वाटते, एकत्र मात्र तशी दिसत नाही. पाने क्रमांकित करून पहिल्या पानावर पानांच्या संख्येचे प्रमाणपत्र लिहावे, दिवाळीच्या आधी सर्व चालू पुरवठादारांना भेटवस्तू पाठवू नयेत असे एक परिपत्रक काढून त्याची प्रत वहीला जोडावी आणि बदली झाल्यावर पदभार हस्तांतरणाच्या यादीत या वहीचा अनुक्रमांक न चुकता लिहावा, म्हणजे नव्याने येणाऱ्याला कोणता पुरवठादार कोणत्या महिन्यात काय घेऊन येतो हे पहिल्याच दिवशी कळते.